फाटलेले पर : निदान आणि उपचारांच्या नोंदी

४ ऑगस्ट

शोभेच्या माशांची १२० लिटरची मोठी टाकी आणि तिच्या शेजारची १५ लिटरची छोटी टाकी आजपासून माझ्या देखरेखीखाली आली आहे. मोठ्या टाकीत दोन एंजल, पाच टायगर बार्ब आणि चार काळ्या मॉली आहेत, तर छोट्या टाकीत लांब शेपटीचा एक फायटर एकटाच आहे. सोपवताना तक्रार एकच सांगण्यात आली, ती म्हणजे सगळ्यांचेच पर कुजत चालले आहेत. त्यावर दोन्ही टाक्यांत मिथिलिन ब्लू ओतण्याची तयारीही झाली होती. ती तूर्त थांबवली आहे. हे औषध बुरशीवर उपयोगी असले, तरी फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंनाही ते मारते आणि टाकीच्या सांध्यांतले सिलिकॉन कायमचे निळे करते. कारण कळण्याआधी टाकीची स्वच्छता करणारी यंत्रणाच बंद पाडण्यात काही हशील नाही.

आज केवळ पाहणी केली. टाकीचा दिवा बंद करून, बाजूने विजेरीचा झोत टाकून प्रत्येक माशाचे पर पाहिले. प्रकाश पलीकडून आला की पराच्या काड्या आणि त्यांच्यामधला पातळ पडदा वेगवेगळे दिसतात, आणि नुकसान नेमके कशाचे झाले आहे ते कळते. काचेला बाहेरून आलेख-कागदाची पट्टी चिकटवली आहे. मासा तिच्या जवळ आला की फोटो घ्यायचा, म्हणजे पुढील आठवड्यांत पर वाढला की घटला हे अंदाजावर सोडावे लागणार नाही.

पहिल्याच पाहणीत एक गोष्ट स्पष्ट झाली की तिन्ही जातींच्या माशांचे पर फाटके असले, तरी फाटण्याची तऱ्हा एक नाही. एंजलच्या पाठीच्या आणि शेपटीच्या परांवर अर्धगोल, स्वच्छ खाचा आहेत. खाचांच्या कडा पारदर्शक असून त्यांवर पांढरेपणा नाही. पोटाखालचे लांब, दोऱ्यासारखे पर मात्र दोन्ही माशांचे अर्ध्यावर तुटलेले आहेत. फायटरची शेपटी उभी चिरली गेली आहे, परंतु काड्या पूर्ण लांबीच्या आहेत. मॉलींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या शेपटीची कड दुधाळ पांढरी झाली आहे, जुन्या कापडाला सुटाव्यात तशा दशा तिला सुटल्या आहेत, आणि दोन मॉलींमध्ये पांढऱ्या पट्ट्याच्या आत लालसर रेघही दिसते. कुजणे हा शब्द या चौघींपुरताच खरा आहे.

५ ऑगस्ट

पाण्याची तपासणी केली. मोठ्या टाकीत एकूण अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम, नायट्राइट ०.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ८० मिलिग्रॅम, पीएच ७.८ आणि तापमान २९ अंश सेल्सिअस आहे. छोट्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच ७.२ आणि तापमान २६ अंश आहे.

थेंबांच्या संचावर दिसणारा अमोनियाचा आकडा सगळाच विषारी नसतो. पाण्यात त्याचा मोठा भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो आणि खरा घातक भाग पीएच व तापमानाबरोबर वाढतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर हा भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. आजच्या आकड्यांवरून मोठ्या टाकीत तो साधारण साडेचार टक्के निघतो, म्हणजे लिटरला सुमारे ०.०४५ मिलिग्रॅम. एवढ्याने मासे लगेच दगावत नाहीत, परंतु कल्ले, त्वचा आणि परांच्या कडा सतत चुरचुरत राहतात, त्यांवरचे श्लेष्माचे संरक्षक आवरण बिघडते आणि एरवी पाण्यात निमूट असणारे जिवाणू तिथे शिरकाव करतात. पर कुजण्यामागे बहुतेक वेळा एरोमोनास, स्यूडोमोनास किंवा फ्लॅव्होबॅक्टेरियम या गटांतले जिवाणू सापडतात. पहिले दोन गट चांगल्या टाकीतही असतात. त्यांना संधी देते ते पाणी.

अमोनिया साचण्याचे कारण फिल्टर उघडताच मिळाले. आतला स्पंज आणि कार्बनची पिशवी कोरी करकरीत होती. दर वेळी साहित्य संपूर्ण बदलण्याचा शिरस्ता इथे होता असे चौकशीत कळले. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू याच स्पंजवर वस्ती करतात. स्पंज फेकला की वस्तीही गेली, आणि ती पुन्हा बसायला काही आठवडे लागतात.

केलेले काम असे : एक तृतीयांश पाणी बदलले. नवीन पाण्यातले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने काढले आणि तापमान जुळवून ते सावकाश सोडले. नळाच्या पाण्याचीही अमोनियासाठी तपासणी केली, कारण पाण्यात क्लोरामाइन असेल तर थायोसल्फेट त्यातले क्लोरीन काढते आणि अमोनिया मागे उरतो. इथे तशी अडचण निघाली नाही. दुसऱ्या एका निरोगी, जुन्या टाकीच्या फिल्टरमधून मुरलेल्या, म्हणजे जिवाणूंची वस्ती बसलेल्या, स्पंजचा अर्धा भाग आणून बसवला. खाणे निम्म्यावर आणले. अमोनिया खाली येईपर्यंत रोज एवढेच पाणी बदलायचे आहे.

६ ऑगस्ट

मॉलींना वेगळ्या, ३० लिटरच्या उपचार-टाकीत हलवले. तळाला रेती नाही, आत मुरलेला स्पंज फिल्टर, एक हीटर आणि लपण्यासाठी मातीचे आडवे कुंडे एवढेच आहे. तळ उघडा असला की उरलेले खाणे आणि विष्ठा लगेच दिसते व नळीने ओढून काढता येते.

या टाकीत मीठ वापरायचे ठरवले. लिटरला ३ ग्रॅम या हिशेबाने ९० ग्रॅम मीठ लागते. ते एकदम न घालता तीन समान भागांत, प्रत्येक वेळी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून घालायचे आहे. मिठाचे दाणे माशाच्या अंगावर किंवा तळाला तसेच पडले तर त्वचेला इजा होते. मीठ जिवाणूंना थेट मारत नाही, निदान या प्रमाणात तरी नाही. ते माशाचा क्षार राखण्याचा श्रम हलका करते, श्लेष्मा वाढवते, आणि त्यातले क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरण्याला अटकाव करते. मॉली मुळातच खाऱ्या-मचूळ पाण्याशी जुळवून घेणारी असल्यामुळे तिला हे प्रमाण सोसते. मोठ्या टाकीत पाणवनस्पती आहेत, त्यांना ते सोसणार नाही; तिथे मीठ नाही.

हीटर २५ अंशांवर आणायचा आहे, परंतु उतार रोज एका अंशाने करायचा आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पाणी तापवण्याची पद्धत आहे आणि तीच सवयीने पर कुजण्यातही वापरली जाते. इथे ती उलटण्याची शक्यता मोठी आहे, कारण फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअरी हा जिवाणू कारणीभूत असेल तर उबेत तो अधिक वेगाने पसरतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि आजारी कल्ल्यांना नेमका तोच हवा असतो.

७ ऑगस्ट

एंजलच्या खाचांचे कारण डोळ्यांनी पाहायला मिळाले. खाणे टाकल्यावर पहिली काही मिनिटे सगळे शांत होते. खाणे संपल्यावर एक टायगर बार्ब मोठ्या एंजलच्या मागे गेला, क्षणभर स्थिर राहिला, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला झटका देऊन मागे फिरला. एंजल दचकून वळला, तेवढ्यात दुसऱ्या बार्बने पोटाखालच्या उरलेल्या दोऱ्याला तोंड घातले. दिवा लावून समोर उभे राहिले की बार्ब खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि हा प्रकार थांबतो. म्हणून लांबून, अंधाऱ्या खोलीतून पाहावे लागले.

टायगर बार्ब आपल्या कळपात एकमेकांशी अशी खेचाखेची सतत करत असतात. कळप मोठा असेल तर ती आपसांत वाटली जाते. पाचाचा कळप फारच लहान आहे. तरीही कळप वाढवून एंजलला त्यांच्याबरोबर ठेवणे मला पसंत नाही. संथ पोहणारा, लांब लोंबत्या परांचा मासा टायगर बार्बच्या टाकीत असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बार्ब आजच दुसऱ्या टाकीत हलवले. एंजलना कोणतेही औषध नाही. स्वच्छ पाणी आणि शांतता एवढाच त्यांचा उपचार आहे, आणि औषधाच्या बाटलीपेक्षा तो अधिक नेमका आहे.

९ ऑगस्ट

फायटरच्या टाकीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून तिच्यावरून जुना नायलॉनचा पायमोजा फिरवला. प्लास्टिकच्या झाडाच्या दोन पानांवर आणि शोभेच्या कमानीच्या आतल्या कडेवर तो अडकून धागा निघाला. जिथे मोजा अडकतो तिथे फायटरचा पर अडकणारच, कारण दोन काड्यांमधला पडदा त्याहून कितीतरी नाजूक असतो. काड्या शाबूत आणि पडदा उभा चिरलेला, ही खूण ओरखड्याकडे बोट दाखवते. प्लास्टिकचे झाड आणि कमान काढून टाकली, जावा फर्नचे रोप दगडाला बांधून ठेवले आणि फिल्टरच्या शोषनळीला स्पंजची टोपी घातली.

मोठ्या टाकीत आज अमोनिया ०.२५ आहे.

११ ऑगस्ट

मॉलींपैकी तिघींची कड स्थिर आहे. पट्टीवरच्या मापात काही घट नाही आणि लाली फिकी पडली आहे. चौथी मात्र बिघडली. सकाळी ती पृष्ठभागाजवळ, पर मिटून, भराभर कल्ले हलवत होती. शेपटीची कड कालपेक्षा दोन मिलिमीटर आत सरकली आहे, आणि पाठीच्या पराच्या पायथ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारा फिकट, पिवळसर-राखाडी पट्टा उमटला आहे. ओठांवरही पांढुरका थर आहे.

हे साधे पर कुजणे राहिलेले नाही. पट्ट्याच्या कडेवरून अगदी हलक्या हाताने खरवड घेतली, टाकीच्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवली, वर आच्छादन-काच ठेवून सूक्ष्मदर्शकात ४०० पटींत पाहिले. पहिल्या नजरेत तुटलेल्या पेशी आणि श्लेष्माच. थेंब थोडा वेळ तसाच राहू दिल्यावर ऊतीच्या कडेने फार बारीक, लांबट दांडे दिसू लागले. ते पोहत नव्हते. वाकत, घसरत पुढे सरकत होते, आणि ऊतीच्या कडेवर एकत्र येऊन बाहेर डोकावणारे उभे ढीग रचत होते. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअरीची ही ओळख आहे. १९२२ मध्ये डेव्हिस यांनी मिसिसिपी नदीच्या परिसरातल्या माशांवरून या रोगाचे पहिले वर्णन केले, त्यातही हेच स्तंभासारखे ढीग आहेत. निर्णायक ओळख प्रयोगशाळेतच होते, पण उपचाराची दिशा ठरवायला एवढे पुरेसे आहे.

ओठांवरचा थर उघड्या डोळ्यांना बुरशीसारखा दिसतो आणि अनेकदा त्यावर बुरशीचेच औषध दिले जाते. सॅप्रोलेग्निया ही बुरशी असती तर काचपट्टीवर जाड, फांद्या फुटलेले, आडपडदे नसलेले तंतू दिसले असते. तसे इथे एकही नाही. ती बुरशी बहुधा आधीच मेलेल्या ऊतीवर वाढते आणि तिचा कापसासारखा झुबका पाण्यात हलतो. हा थर चपटा आहे आणि हलत नाही.

बिघडलेली मॉली तातडीने वेगळी केली. जलचरांचे आजार हाताळणाऱ्या पशुवैद्यांना फोटो, पाण्याचे आकडे आणि सूक्ष्मदर्शकातले दृश्य कळवले.

१२ ऑगस्ट

चौथी मॉली रात्रीच दगावली. उष्ण पाण्यात हा रोग एक-दोन दिवसांत मासा नेऊ शकतो हे माहीत असले, तरी जिवाचे वाईट वाटले. ती उपचाराला पोहोचण्याआधी अमोनियाने फार खंगली होती.

उरलेल्या तिघींसाठी पशुवैद्यांनी प्रतिजैविक सुचवले आहे आणि ते खाण्यातून द्यायचे आहे. तिघी अजून नेटाने खातात, म्हणून हा मार्ग खुला आहे. खाणे सोडलेल्या माशाला औषध पाण्यातूनच द्यावे लागते. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पाण्यात घातले तर कठीण पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी ते बांधले जाते आणि माशाच्या वाट्याला फारच थोडे येते. मॉलींचे पाणी कठीणच हवे, त्यामुळे इथे पाण्यात ओतणे म्हणजे औषध वाया घालवणे. मात्रा माशांच्या वजनावरून पशुवैद्यांनी ठरवून दिली. पूर्ण मुदत संपेपर्यंत ती चालू राहील, मासे आधीच तरतरीत दिसू लागले तरीही. अर्धवट थांबवलेल्या औषधाने चिवट जिवाणू तेवढे मागे उरतात. पर कुजण्यावर एरिथ्रोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक घालण्याचा सल्लाही दिला जातो. ते प्रामुख्याने ग्रॅम-पॉझिटिव्ह या गटातल्या जिवाणूंवर चालते आणि इथे संशयित सगळे ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे वेगळ्या आवरणाच्या दुसऱ्या गटातले आहेत, म्हणून त्याचा विचार केला नाही.

या टाकीचे जाळे, नळी आणि बादली स्वतंत्र ठेवली आहे. हातमोजे घालूनच काम करायचे, कारण टाकीच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जिवाणू माणसाच्या त्वचेवरच्या जखमेतून शिरून दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठी उठवू शकतो.

१६ ऑगस्ट

मोठ्या टाकीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ३० वर आहे, तापमान २६. मुरलेल्या स्पंजने काम उचलले.

एंजलच्या खाचा भरू लागल्या आहेत. पर तुटल्यावर एका दिवसाच्या आत जखमेवर त्वचेच्या पेशी पसरून झाकण तयार होते, त्याखाली नव्या ऊतीला जन्म देणाऱ्या पेशींचा कोंब जमतो, आणि प्रत्येक काडी आपल्याच टोकातून पुढे वाढत जाते. झेब्राफिशमध्ये २८ अंशांना शेपटीचा पर साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुन्हा पूर्ण होतो. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक ब्रुसोने यांनी १७८६ मध्येच माशांचे पर पुन्हा उगवतात हे लिहून ठेवले होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी दाखवले की पर जितका खोल कापावा तितका तो सुरुवातीला अधिक वेगाने वाढतो. एंजलमध्ये तेच दिसते : खोल खाच उथळ खाचेपेक्षा भराभर पुढे येत आहे. पराचा पायथा, म्हणजे काड्यांना हलवणारे स्नायू आणि हाडे, शाबूत असेपर्यंतच हे घडते. म्हणूनच मॉलींची कड पायथ्याकडे किती सरकली हे मोजण्याला इतके महत्त्व द्यावे लागते.

२१ ऑगस्ट

मॉलींच्या ताज्या फोटोत शेपटीची कड पुन्हा पांढरी दिसते, रोग उलटला आहे, मीठ आणि औषध दोन्ही वाढवावे, अशी सूचना आली. फोटो मोठा करून आणि मासा विजेरीच्या झोतात प्रत्यक्ष पाहून खात्री केली. ही कड रोगाची नाही, वाढीची आहे. दोन्हींतला फरक नीट लिहून ठेवण्यासारखा आहे. कुजणारी कड अपारदर्शक असते, दुधाळ, ओबडधोबड, आणि तिच्यात काड्या संपल्यासारख्या वाटतात. नवी कड काचेसारखी स्वच्छ असते, तिची सीमा सलग असते, आणि पलीकडून प्रकाश टाकला की जुन्या काड्या तिच्यातून फिकट रेषांनी पुढे गेलेल्या दिसतात. काळ्या मॉलीत हा भाग अधिकच उठून दिसतो, कारण रंगाच्या पेशी ऊतीच्या मागाहून येतात. शंका राहिली तर मापाला विचारावे : कुजणारी कड आत सरकते, वाढणारी बाहेर. तिघींची कड बाहेर सरकली आहे, दीड ते दोन मिलिमीटर.

२४ ऑगस्ट

फायटरच्या चिरा बुजत आल्या होत्या, आणि आज सकाळी शेपटीच्या मधोमध एक मोठा तुकडा नाही. या वेळी काड्याच एका ओळीत तुटल्या आहेत. कड स्वच्छ आहे, पाणी उत्तम आहे, अडकण्यासारखे आत काही उरलेले नाही, आणि टाकीत दुसरा मासा नाही. त्यानेच आपली शेपटी चावली असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. जड, लांब परांच्या फायटरमध्ये ही खोड आढळते. जोराचा प्रवाह, काचेतले स्वतःचे प्रतिबिंब, कंटाळा अशी कारणे सांगितली जातात. त्यातली हाताशी असलेली दोन दूर केली : फिल्टरचा जोर कमी केला आणि मागच्या व बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला, जेणेकरून खोलीत अंधार झाल्यावर आतला दिवा काचेचा आरसा करणार नाही. औषध नाही. जखम उघडी आहे म्हणून पाणी मात्र अधिक वेळा, थोडे थोडे बदलायचे.

१ सप्टेंबर

मॉलींच्या औषधाची मुदत पूर्ण झाली. मीठ आता नव्याने न घालता पाणी बदलत बदलत उतरवायचे आहे. बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ जात नाही; म्हणून घटलेले पाणी भरताना गोडे पाणीच घालायचे, नाहीतर प्रमाण नकळत चढते. फिल्टरमध्ये कार्बन आज बसवला. औषध चालू असताना तो औषधच शोषून घेतो, म्हणून आतापर्यंत बाहेर ठेवला होता.

१४ सप्टेंबर

मॉली मोठ्या टाकीत परतल्या. तिघींच्याही शेपट्या पूर्ण झाल्या असून एकीच्या नव्या भागात रंग अजून फिका आहे. उपचार-टाकी, जाळे आणि नळी ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करून, थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळत घातली.

एंजलच्या पाठीच्या आणि शेपटीच्या खाचा आता शोधाव्या लागतात. पोटाखालचे दोरे परत आले, परंतु मोठ्या एंजलचा डावा दोरा तुटल्या जागी वाकून वाढला आहे. ती काडी तशीच राहील. माशाला त्याचा त्रास नाही आणि तिथे काही करायचेही नाही. फायटरच्या शेपटीत पारदर्शक भाग भरत आहे. नवे चावणे दिसलेले नाही, कागद तसाच राहू देत आहे.

फिल्टरचा स्पंज इथून पुढे टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून धुवायचा आणि झिजेपर्यंत तोच वापरायचा. बदलण्याची वेळ आली तर अर्धा जुना, अर्धा नवा. ही सूचना टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवली आहे. पुढची पाण्याची तपासणी २१ सप्टेंबरला.